कारागृहातील बालपण : पहिल्या सहा वर्षांचा हिशेब

(व्याख्यानाचा मजकूर)

झाशी म्हटले की मराठी मनासमोर एक चित्र उभे राहते : पाठीशी मूल बांधून किल्ल्याबाहेर पडणारी राणी. नेवाळकरांच्या या शहराशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. आज झाशी हे उत्तर प्रदेशातील बुंदेलखंडाचे प्रमुख शहर, मोठे रेल्वे जंक्शन आणि विभागीय मुख्यालय आहे. जिल्ह्याच्या इतर कोणत्याही ठिकाणाप्रमाणे येथेही जिल्हा कारागृह आहे. अशा कारागृहात एखादी स्त्री न्यायालयाच्या आदेशाने दाखल होते, तेव्हा कधी कधी तिच्या कडेवर मूल असते. त्या मुलावर कोणताही आरोप नसतो आणि त्याला कोणतीही शिक्षा झालेली नसते. तरीही दरवाजा बंद होतो तो दोघांवर. या व्याख्यानाचा विषय आहे त्या मुलाची पहिली सहा वर्षे, आणि त्या वर्षांबाबत शासनाचे व समाजाचे कर्तव्य.

संख्या लहान, प्रश्न मोठा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील १,३३० कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी २३,७७२ स्त्रिया होत्या. यांतील १,५३७ स्त्रियांसोबत त्यांची १,७६४ मुले कारागृहात राहत होती. अशा मातांची आणि मुलांची संख्या उत्तर प्रदेशात सर्वाधिक आहे.

सव्वाशे कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात १,७६४ ही संख्या नगण्य वाटेल. ती नगण्य वाटते, म्हणूनच ही मुले नियोजनातून निसटतात. १,७६४ मुलांना १,३३० कारागृहांनी भागले तर एका कारागृहाच्या वाट्याला सरासरी सव्वा ते दीड मूल येते. प्रत्यक्षात वाटणी इतकी समान नसते. काही मध्यवर्ती कारागृहांत पंधरा-वीस मुले असतात, तर अनेक ठिकाणी एकही नसते. देशात केवळ स्त्रियांसाठी असलेली कारागृहे त्या वर्षी अवघी ३४ होती. बहुसंख्य स्त्री बंदी जिल्हा व मध्यवर्ती कारागृहांच्या महिला विभागात, म्हणजे पुरुषांसाठी उभारलेल्या संस्थेच्या एका कोपऱ्यात राहतात.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा लहान प्रमाणाचा प्रश्न आहे. पाळणाघराला खोली, प्रशिक्षित सेविका, खेळणी आणि स्वयंपाकाची सोय लागते. हा खर्च तीन मुलांसाठी आणि तीस मुलांसाठी जवळपास सारखाच असतो. झाशी, ललितपूर किंवा जालौन जिल्ह्यातील उरई येथील कारागृहांत या महिन्यात चार मुले असतील, तर पुढच्या महिन्यात दोन मातांना जामीन मिळून दोनच उरतील. अशा अस्थिर संख्येवर पद मंजूर होत नाही, पद नाही म्हणून साहित्य येत नाही आणि साहित्य नाही म्हणून कामाची नोंदच होत नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. नियोजनाची पद्धतच मोठ्या संख्यांसाठी बेतलेली आहे. तेव्हा उपायही असा शोधायला हवा, की जो एका मुलासाठीसुद्धा परवडेल.

सहा वर्षांत काय घडते

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये नमूद केल्याप्रमाणे मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या संगोपनाच्या आराखड्यात या वयाच्या पाच गरजा सांगितल्या आहेत : आरोग्य, पुरेसे पोषण, प्रतिसाद देणारी जवळची व्यक्ती, शिकण्याची संधी आणि सुरक्षितता. यांपैकी एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही. पोटभर जेवलेले मूल कोणी बोलणारे नसेल तर भाषेत मागे पडते. प्रेमळ आई असूनही आहारात प्रथिने नसतील तर वाढ खुंटते.

कारागृहाचा दिनक्रम प्रौढांच्या सुरक्षेसाठी आखलेला असतो. सकाळी मोजणी, ठरावीक वेळी जेवण, सायंकाळी पुन्हा मोजणी आणि बराक बंद. बाहेरची मुले ज्या वेळी अंगणात खेळत असतात, त्या वेळी हे मूल कुलपाआड गेलेले असते. त्याच्या कानावर आज्ञा पडतात, भांडणे पडतात, खटल्यांच्या तारखा पडतात. बाजार, बस, शेत, आजोबा, शेजारच्या घरची लग्नघाई हे त्याच्या अनुभवात येत नाही. शब्द अनुभवातून येतात आणि अनुभवाचे क्षेत्रच येथे चार भिंतींएवढे असते.

हे केवळ तर्काने काढलेले निष्कर्ष नाहीत. सर्वोच्च न्यायालयासमोर जी माहिती सादर झाली, तीत अशा मुलांविषयीची निरीक्षणे नोंदली आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलांना घर ही कल्पनाच माहीत नसते. पुरुष म्हणजे पोलीस किंवा कारागृहाचे अधिकारी, एवढेच त्यांना ठाऊक असते. केवळ स्त्रियांमध्ये वाढल्यामुळे काही मुलगे स्वतःविषयी स्त्रीलिंगी क्रियापदे वापरतात. बाहेर नेले असता रस्त्यावरची जनावरे पाहून मुले घाबरतात. राष्ट्रीय गुन्हेशास्त्र व न्यायवैद्यकशास्त्र संस्थेने उत्तर प्रदेशातील कारागृहांत केलेल्या अभ्यासाचा सारांशही न्यायालयापुढे होता. मुलांच्या वाढीसाठी नियोजित कार्यक्रमाचा अभाव, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा अभाव आणि अनेक ठिकाणी मुलांसाठी वेगळ्या आहाराचा अभाव या गोष्टी त्यात आढळल्या होत्या.

आईपासून तोडणे हा उपाय नव्हे

यावर एक उत्तर सहज सुचते : मुलांना कारागृहात ठेवूच नये, त्यांना बालगृहात पाठवावे. सद्हेतूने दिलेले हे उत्तर पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही.

बालमानसतज्ज्ञ रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात मुद्दाम आठवावा असा आहे. त्यांनी दोन संस्थांतील बालकांची तुलना केली. एक होती अनाथ बालकांची स्वच्छ, वैद्यकीय देखरेख असलेली संस्था. तेथे एका परिचारिकेकडे सुमारे आठ मुले असत. दुसरी होती शिक्षा झालेल्या तरुण मुलींच्या सुधारगृहातील शिशुगृह. तेथे प्रत्येक बाळाची काळजी त्याची स्वतःची आई घेई. पहिल्या संस्थेतील मुलांचा विकास महिन्यागणिक खालावत गेला आणि दोन वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक मुले दगावली. सुधारगृहातील मुले मात्र जवळपास सर्वसामान्य गतीने वाढली. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे टीका झाली. पण अलीकडच्या काळात, २००० पासून रुमानियातील बुखारेस्ट येथे १३६ बालकांवर झालेल्या काटेकोर अभ्यासाने मूळ मुद्द्याला बळकटीच दिली. संस्थेतून काढून कुटुंबात ठेवलेल्या मुलांची प्रगती झाली आणि वय दोन वर्षांच्या आत असताना हा बदल झाला तर लाभ अधिक झाला.

यातून निघणारा निष्कर्ष धोरणकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. लहान मुलासाठी भिंतीपेक्षाही घातक गोष्ट म्हणजे आपले म्हणता येईल असे माणूस नसणे. म्हणून आईचा सहवास टिकवून सभोवतालचे वातावरण बदलणे हीच योग्य दिशा होय. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये स्वीकारलेल्या बँकॉक नियमांतही हेच सूत्र आहे. मूल आईसोबत राहावे की नाही याचा निर्णय त्या मुलाच्या हिताने व्हावा, त्याला कधीही बंदी मानू नये आणि त्याच्या वाढीचे वातावरण शक्य तितके बाहेरच्या मुलासारखे असावे, असे हे नियम सांगतात.

न्यायालयाचा निर्णय आणि नियमांची चौकट

भारतात या विषयाचा पाया १३ एप्रिल २००६ रोजी घातला गेला. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या १९९४ पासून चाललेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. मूल हे न्यायाधीन किंवा सिद्धदोष बंदी नाही. अन्न, निवारा, वैद्यकीय उपचार, कपडे, शिक्षण आणि मनोरंजन हा त्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. शक्यतो प्रसूती कारागृहाबाहेरील रुग्णालयात व्हावी. ती आत झालीच तर जन्मनोंदीत जन्मस्थान म्हणून कारागृहाचा उल्लेख नसावा. मुलाला सहाव्या वर्षापर्यंत आईजवळ राहता यावे. तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आणि तीन ते सहा वयोगटासाठी बालवाडी असावी आणि ती शक्यतो कारागृहाच्या आवाराबाहेर चालवावी. पुरेशा सोयी नसतील तर मूल असलेल्या स्त्रीला उपकारागृहात ठेवू नये. ज्या स्त्रियांसोबत मुले आहेत त्यांचे खटले न्यायालयांनी प्राधान्याने निकाली काढावेत, असाही आदेश या निर्णयात आहे.

त्यानंतर २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत या तरतुदींना स्थान मिळाले. उत्तर प्रदेशाने २०२२ मध्ये जुन्या नियमपुस्तिकेच्या जागी नवी नियमपुस्तिका स्वीकारली, तीतही मातांसोबतच्या मुलांचे पोषण, लसीकरण, पाळणाघर आणि शिक्षण यांचा विचार आहे. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने बदल झाला. सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना संगोपन व शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे हा अनुच्छेद सांगतो. ‘सर्व’ या शब्दातून कारागृहातील मूल वगळलेले नाही.

म्हणजे कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती नियम आणि मूल यांच्यामधल्या शेवटच्या शंभर पावलांची.

एका मुलासाठी परवडणारा उपाय

ही शंभर पावले कशी चालावीत, याचे उत्तर मराठी भूमीतच सापडते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ आहे, त्यामागे हा विचार आहे : मूल जेथे आहे तेथे शिक्षणाने जावे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेली एकात्मिक बाल विकास सेवा योजना आज प्रत्येक जिल्ह्यात पोहोचली आहे. झाशीसारख्या शहरात कारागृहासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्यापेक्षा ही यंत्रणा कारागृहाशी जोडणे अधिक शहाणपणाचे आहे. पहिले पाऊल कागदावरचे आहे. कारागृहाचा महिला विभाग कोणत्या अंगणवाडीच्या सर्वेक्षण क्षेत्रात येतो, हे लेखी आदेशाने निश्चित करावे. त्यानंतर पूरक आहार, वजन-उंचीची नोंद, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सेवांवर त्या मुलांचा हक्क आपोआप प्रस्थापित होतो.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रोज सकाळी साध्या वेशातील महिला कर्मचाऱ्यासोबत जवळच्या अंगणवाडीत न्यावे. साध्या वेशाचा आग्रह महत्त्वाचा आहे, कारण खाकी गणवेशासोबत येणारे मूल पहिल्याच दिवशी वेगळे ठरते. या व्यवस्थेचा खर्च म्हणजे एका कर्मचाऱ्याचे काही तास. मुले दोन असोत वा सहा, त्यात फरक पडत नाही. अंगणवाडीत त्यांना बरोबरीची मुले, रस्ता, झाडे, गाई-म्हशी आणि दुकाने भेटतात. याला कोणतेही खेळणे पर्याय ठरू शकत नाही.

तीन वर्षांखालील मुलांसाठी मार्ग वेगळा आहे. त्यांना आईपासून दूर न नेता आईलाच साहाय्य द्यावे लागेल. जमैकातील किंगस्टन येथे १९८६-८७ मध्ये ९ ते २४ महिने वयाच्या, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा एक प्रयोग सुरू झाला. त्यांपैकी काही बालकांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे, आठवड्यातून एक तास जात आणि मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवत. वीस वर्षांनी पाहणी केली तेव्हा या मुलांची कमाई, ज्यांना अशी भेट मिळाली नव्हती त्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या प्रयोगाला इमारत लागली नाही. साधी खेळणी, प्रशिक्षित सेविका आणि नियमितपणा एवढेच भांडवल होते. महिला विभागात आठवड्यातून एकदा अशी भेट घडवणे कोणत्याही जिल्ह्याला अशक्य नाही. झाशीत तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा महिला रुग्णालय आणि बुंदेलखंड विद्यापीठ शहरातच आहे. बालरोग विभागाची मासिक तपासणी आणि विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य यांची सांगड त्यास घालता येईल.

कारागृहातील शिक्षित स्त्रियांचाही यात उपयोग होऊ शकतो. १९९० च्या दशकात दिल्लीच्या तिहार कारागृहात किरण बेदी महानिरीक्षक असताना स्वयंसेवी संस्थांना आत येऊ देण्याचे धोरण स्वीकारले गेले आणि तेथे मुलांसाठी पाळणाघर उभे राहिले. योग्य देखरेखीखाली बाहेरच्यांना दार उघडल्याने सुरक्षा ढासळत नाही, हा त्यातील धडा आहे.

अशा गुंतवणुकीचा परतावा किती, असा प्रश्न विचारला जातो. अमेरिकेतील पेरी पूर्वप्राथमिक प्रयोगात १२३ मुलांचा वयाच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेण्यात आला. नोबेल पारितोषिक विजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी त्यातील गुंतवणुकीचा वार्षिक परतावा ७ ते १० टक्के असल्याचे अनुमान काढले. त्या परताव्याचा मोठा भाग गुन्हेगारीतील घटीमुळे मिळालेला आहे. परदेशातील लहान नमुन्याचे आकडे जसेच्या तसे बुंदेलखंडाला लावू नयेत. दिशा मात्र निःसंदिग्ध आहे : या वयात वाचवलेला रुपया पुढे अनेक पटींनी खर्ची पडतो.

जामीन : पहिला बालविकास कार्यक्रम

वरील सर्व उपाय कारागृहाच्या आतले आहेत. पण आकडेवारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग अजून सांगायचा आहे. २०२२ अखेर कारागृहात असलेल्या १,७६४ मुलांपैकी १,४७९ मुलांच्या माता न्यायाधीन होत्या, सिद्धदोष नव्हत्या. म्हणजे दर सहा मुलांपैकी पाच मुले अशा आईसोबत होती, जिचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नव्हता.

प्रौढ माणसासाठी शंभर दिवस हा आयुष्याचा अल्प अंश असतो. दोन वर्षांच्या मुलासाठी तो आजवरच्या आयुष्याचा सातवा हिस्सा असतो. तारीख पुढे ढकलली जाते तेव्हा त्याची किंमत या मापाने मोजली पाहिजे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये अजामीनपात्र गुन्ह्यांतही स्त्रियांना जामिनाबाबत विशेष विचार दाखवण्याची मुभा आहे. कलम ४७९ नुसार प्रथमच आरोपी झालेली व्यक्ती कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर, काही अपवाद वगळता, सुटकेस पात्र ठरते. तरीही जामीन मंजूर होऊन जामीनदार किंवा रक्कम नसल्याने स्त्री आतच राहते, असे घडते. दुष्काळ आणि स्थलांतराने पोखरलेल्या बुंदेलखंडात घरचे कर्ते पुरुष कामासाठी परराज्यात असतात. तारखेला येणारे कोणी नसते आणि जामीन राहण्याइतकी मालमत्ता असलेला नातेवाईक नसतो. अशा गरीब बंदींसाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. जिल्हा समितीने या योजनेत मुले सोबत असलेल्या स्त्रियांची यादी सर्वांत वर ठेवावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दर महिन्याला ही यादी न्यायालयापुढे मांडावी. २००६ च्या आदेशातील ‘प्राधान्य’ या शब्दाला तेव्हाच अर्थ येईल.

सातवे वर्ष

मूल सहा वर्षांचे झाले की नियमानुसार ते आईपासून वेगळे होते. हा दिवस अचानक उगवू नये. पाचव्या वर्षापासूनच नातेवाइकांचा शोध, त्यांच्या भेटी आणि मुलाची ओळख यांची सुरुवात व्हावी. सांभाळणारे नातेवाईक गरीब असतील तर मिशन वात्सल्य योजनेखाली दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व उपलब्ध होऊ शकते. बालकल्याण समितीने संस्थेपेक्षा कुटुंबाला पसंती द्यावी. संस्था हाच पर्याय उरला तर ती त्याच शहरात असावी आणि आठवड्याला आईची भेट व्हावी, हे न्यायालयाने आधीच सांगितले आहे. झाशीतील आईचे मूल दीडशे-दोनशे किलोमीटरवरील संस्थेत गेले, तर साप्ताहिक भेट केवळ कागदावर राहते.

मुलाबरोबर त्याची कागदपत्रेही बाहेर जायला हवीत : जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, वाढीचा तक्ता आणि अंगणवाडीतील उपस्थिती. शाळेच्या पहिल्या वर्गात त्याला कारागृहातून आलेले मूल म्हणून नव्हे, तर अमुक अंगणवाडीतून आलेले मूल म्हणून प्रवेश मिळावा.

प्रत्येक जिल्ह्याने वर्षाअखेरीस पाच प्रश्नांची उत्तरे जाहीर करावीत. कारागृहात किती मुले आहेत? त्यांपैकी किती अंगणवाडीत जातात? किती जणांचे लसीकरण पूर्ण आहे? किती जणांची वाढ वयानुरूप आहे? त्यांच्या मातांचे खटले किती दिवस प्रलंबित आहेत? या पाच आकड्यांना मोठा निधी लागत नाही, फक्त विचारणारा हवा. महिला व बाल विकास, कारागृह, आरोग्य आणि न्यायव्यवस्था या चार यंत्रणांपैकी प्रत्येकीला हे मूल दुसऱ्या यंत्रणेची जबाबदारी वाटते, तोपर्यंत ते कोणाचेच नसते. जिल्हाधिकाऱ्याच्या मासिक बैठकीत त्याच्यासाठी एक ओळ राखून ठेवणे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.